संगणकाच्या प्रमाणपत्रांची कुळकथा

दरवर्षी २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनानिमित्त, आमच्या संशोधन संस्थेची दारे सर्वांसाठी उघडी असतात. शाळांच्या सहली येतात. मुले यंत्रे पाहतात. शिक्षक मात्र पुष्कळदा वेगळेच काही विचारतात. गेल्या खेपेस एका तालुक्याच्या गावच्या उच्च माध्यमिक शाळेतील बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "सर, बारावीची मुलं विचारतात, कॉम्प्युटरमध्ये नोकरी हवी तर कोणतं सर्टिफिकेट करू? सीसीएनए, ए प्लस, रेड हॅट, क्लाउडचं, नाहीतर सरकारचं ओ लेव्हल? मी रसायनशास्त्र शिकवते. मी काय सांगणार?"

मी पदार्थविज्ञानाचा. मलाही धड उत्तर देता आले नाही. पण प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून या प्रमाणपत्रांचा इतिहास वाचू लागलो. वाचता वाचता एक गोष्ट स्पष्ट झाली. यातील प्रत्येक प्रमाणपत्र कोणाच्या तरी गरजेपोटी जन्माला आले, आणि ती गरज दर वेळी विद्यार्थ्याचीच होती असे नाही. कोणाची गरज होती ते कळले, की त्या कागदाची किंमतही बरीचशी कळते.

याचा एक धडा मला फार पूर्वीच मिळाला होता, फक्त तो तेव्हा समजला नव्हता. १९९८ साली मी बारावी झालो. आमच्या गावात बाजारपेठेतील एका इमारतीच्या तळमजल्यावर टायपिंगची संस्था होती. दिवसभर खडखडाट चाले. माझ्या थोरल्या बहिणीने तिथे इंग्रजी ४० शब्दांची परीक्षा दिली. शिकवणारी संस्था खासगी, पण परीक्षा शासनाची. परीक्षेत मिनिटाला ४० शब्द या वेगाने उतारा टाइप करून दाखवायचा, चुका मोजल्या जायच्या, आणि मग 'पास' किंवा 'नापास'. त्याच इमारतीच्या वरच्या मजल्यावर नवा संगणक-वर्ग निघाला होता. वडिलांनी पगारातून पैसे काढून माझी वर्षभराच्या 'डिप्लोमा'ची फी भरली. त्या वर्गात शिकवणारे तेच, पेपर काढणारे तेच, तपासणारे तेच आणि सही करणारेही तेच. आम्ही सगळे 'विशेष योग्यते'त उत्तीर्ण झालो. वर्ग दोन वर्षांत बंद पडला. ताईला तिच्या प्रमाणपत्रावर जिल्हा परिषदेत नोकरी लागली. माझे प्रमाणपत्र, सोनेरी किनारीसह, अजून घरच्या फायलीत आहे.

पदवी नव्हती तेव्हा

आज संगणकशास्त्राची पदवी सर्वत्र मिळते, म्हणून आपण समजतो की आधी पदवी आली आणि मग जोडीला प्रमाणपत्रे. प्रत्यक्षात क्रम बराचसा उलटा आहे. १९५३ साली केंब्रिज विद्यापीठाने संगणनाचा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम सुरू केला. जगातील हा असा पहिला अभ्यासक्रम मानला जातो, आणि तो २००८पर्यंत चालला. पण तेव्हा संगणकावर काम करणारे बहुसंख्य लोक कोणताही अभ्यासक्रम न करता, यंत्रापाशी बसूनच शिकत. आपल्याकडेही वेगळे नव्हते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली देशी बनावटीचा 'टिफ्रॅक' हा संगणक १९६०मध्ये कामाला लागला. तो बांधणारे आणि चालवणारे लोक गणित, पदार्थविज्ञान, इलेक्ट्रॉनिक्स अशा विषयांतून आलेले होते. संगणकाची पदवी त्यांच्यापैकी कोणाकडे असणार? ती नव्हतीच.

मग माणसे निवडायची कशी? अमेरिकेत आयबीएम कंपनीने १९५५ साली एक अभियोग्यता चाचणी तयार केली. संख्यामालिका पूर्ण करा, आकृत्यांमधील साम्य ओळखा, अंकगणिताची तोंडी उदाहरणे सोडवा, असे तिचे स्वरूप होते. शिष्यवृत्ती परीक्षेतील बुद्धिमत्ता चाचणीचा पेपर ज्यांनी शिकवला आहे त्यांना ती लगेच ओळखीची वाटेल. लाखो उमेदवारांनी ती दिली. पुढे संशोधकांनी चाचणीतील गुण आणि माणसाचे प्रत्यक्ष काम यांचा मेळ घालून पाहिला, तेव्हा दोहोंचा संबंध अगदी क्षीण निघाला. तरी चाचणी बरीच वर्षे चालूच राहिली. जे मोजता येते ते मोजत राहण्याची सवय काही फक्त शाळांनाच असते असे नाही!

१९६२ साली दोन घटना घडल्या. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात त्या देशातील पहिला संगणकशास्त्र विभाग निघाला. आणि त्याच वर्षी माहिती-प्रक्रियेत काम करणाऱ्या लोकांच्या एका व्यावसायिक संघटनेने 'सर्टिफिकेट इन डेटा प्रोसेसिंग' ही परीक्षा सुरू केली. या संघटनेचे मूळ सभासद होते पंचकार्डांची यंत्रे चालवणारे हिशेबनीस. ऑफिसात त्यांना कारकुनाइतकाच मान. डॉक्टर, वकील, चार्टर्ड अकाउंटंट यांना परीक्षेमुळे जशी प्रतिष्ठा मिळते तशी आपल्यालाही मिळावी, ही त्यांची इच्छा होती. म्हणजे या प्रमाणपत्रामागे गरज होती ती कामगारांच्या मानाची.

ती पुरी झाली का? फारशी नाही. विद्यापीठांतील संगणकतज्ज्ञांना ही परीक्षा कारकुनी वाटली, मालकांनी नोकरी देताना ती सक्तीची केली नाही, आणि डॉक्टरांच्या परवान्याप्रमाणे तिच्यामागे कायदाही नव्हता. १९७३ साली अनेक संघटनांनी मिळून एक सामाईक प्रमाणन संस्था काढली आणि पुढे परीक्षा तिच्याकडे गेली. पण संगणकाच्या क्षेत्रात परवाना नसलेल्याला काम बंद, असे कधी झाले नाही. आजही नाही. बारावीच्या मुलांना ही गोष्ट आवर्जून सांगायला हवी. सनद नसेल तर वकिली करता येत नाही. सर्टिफिकेट नसेल तरी संगणकाचे काम करता येते. इथले प्रमाणपत्र हा परवाना नाही, पुरावा आहे. आणि पुराव्याचे वजन तो कोण देतो यावर ठरते.

दुकानदाराची सही

प्रमाणपत्रांना खरी बरकत आली ती विक्रेत्या कंपन्यांमुळे. १९८०च्या दशकात ऑफिसांतून छोटे संगणक आले आणि ते एकमेकांना जोडण्याची गरज निर्माण झाली. या कामासाठी नॉव्हेल या अमेरिकन कंपनीची 'नेटवेअर' ही प्रणाली सर्वांत जास्त खपत होती. पण ती बसवणे साध्या दुकानदाराचे काम नव्हते. बिघाड झाला की गिऱ्हाईक कंपनीला फोन करणार, आणि प्रत्येक फोनला उत्तर देण्याचा खर्च कंपनीच्या माथी. त्यावर नॉव्हेलने तोडगा काढला. विक्रेत्यांकडील तंत्रज्ञांची परीक्षा घ्यायची, उत्तीर्ण झालेल्यांना 'सर्टिफाइड नेटवेअर इंजिनियर' म्हणायचे, आणि ज्या विक्रेत्याकडे असे लोक असतील त्याला वरचा दर्जा द्यायचा. फोन कमी झाले, माल जास्त खपला, शिवाय परीक्षेची फी उमेदवाराने किंवा त्याच्या मालकाने भरली. व्यापारी दृष्टीने पाहिले तर कल्पना नामी होती.

मायक्रोसॉफ्टने १९९२ साली तोच मार्ग धरला. परीक्षा संगणकावर, बहुपर्यायी प्रश्नांची, स्वतंत्र परीक्षा-कंपन्यांच्या केंद्रांत. त्यामुळे मुंबई-पुण्यात बसून अमेरिकेतलीच परीक्षा देता येऊ लागली. हा बदल लहान नव्हता. मोठ्या विद्यापीठात प्रवेश न मिळालेल्या मुलाला पहिल्यांदाच असा कागद मिळू लागला, की जो परदेशातील मालकालाही वाचता येत होता. १९९६ साली विंडोज एनटीची ४.० ही आवृत्ती आली. तिच्यावरील 'एमसीएसई' हे प्रमाणपत्र सहा परीक्षांचे होते आणि अमेरिकेत प्रत्येक परीक्षेची फी १०० डॉलर होती.

यातील 'इंजिनियर' या शब्दावरून पुढे वादही झाला. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात अभियंता ही उपाधी कायद्याने राखीव आहे. तिथल्या अभियंत्यांच्या परिषदेने मायक्रोसॉफ्टला न्यायालयात खेचले आणि २००४ साली कंपनीला दंड झाला. दंडाची रक्कम किरकोळ होती. पण इंजिनियर कोणाला म्हणायचे हे दुकानदाराने ठरवायचे का, हा प्रश्न किरकोळ नव्हता.

एक हजार चोविसावा क्रमांक

या सगळ्यात मला सर्वांत भावली ती सिस्को कंपनीची १९९३ सालची परीक्षा. सिस्को रूटर बनवते. एका जाळ्यातून दुसऱ्या जाळ्यात माहितीचे पुडके कोणत्या वाटेने धाडायचे, हे ठरवणारे हे यंत्र. या यंत्रांच्या तज्ज्ञांसाठी कंपनीने 'सीसीआयई' हे प्रमाणपत्र काढले. लेखी परीक्षा होतीच, पण ती नुसती उंबरठा होती. खरी परीक्षा दोन दिवसांची आणि प्रयोगशाळेतली. पहिल्या दिवशी उमेदवारापुढे यंत्रे, केबली आणि एक आराखडा ठेवला जाई. त्यातून चालते जाळे उभे करायचे. पुरेसे गुण मिळाले तरच दुसऱ्या दिवशी यायचे. मग उमेदवार खोलीबाहेर असताना परीक्षक त्याच्या जाळ्यात मुद्दाम बिघाड करून ठेवी. कुठे केबल सैल, कुठे आज्ञेत चुकीचा आकडा, कुठे पत्ताच बदललेला. उमेदवाराने परत येऊन ते हुडकायचे आणि घड्याळाकडे बघत दुरुस्त करायचे.

बारावीच्या रसायनशास्त्राचे प्रात्यक्षिक आठवा. 'तांब्याच्या क्षारांचे गुणधर्म लिहा' या प्रश्नाचे उत्तर पाठ करता येते. पण कागदाच्या पुडीत न सांगता दिलेला क्षार ओळखायचा म्हटले, की ज्वाला-परीक्षा करावी लागते, परीक्षानळी हातात घ्यावी लागते, चुकले तर मागे जावे लागते. लेखी परीक्षा आणि अशा परीक्षेत नेमका हाच फरक आहे. (पुडीत काय आहे ते प्रयोगशाळा-परिचराकडून आधी कळले नसेल तर, असे अर्थातच धरले आहे.)

या परीक्षेची एक गंमत नोंदवण्याजोगी आहे. उत्तीर्णांना दिले जाणारे क्रमांक १०२४पासून सुरू झाले. १०२४ म्हणजे २चा दहावा घात, संगणकवाल्यांचा लाडका आकडा. तो पहिला क्रमांक कोणा माणसाला न देता परीक्षेच्या प्रयोगशाळेलाच देण्यात आला! १०२५ क्रमांक मिळाला परीक्षा तयार करणाऱ्या स्टुअर्ट बिग्ज यांना, आणि १०२६ टेरी स्लॅटरी यांना. कंपनीबाहेरून येऊन ती उत्तीर्ण होणारे ते पहिलेच. ऑक्टोबर २००१मध्ये ही दोन दिवसांची परीक्षा एका दिवसाची करण्यात आली. नवशिक्यांसाठी 'सीसीएनए' ही पायरी कंपनीने १९९८ साली काढली होती. बाईंच्या विद्यार्थ्यांनी नाव घेतले ते तिचे. रेड हॅट कंपनीने १९९९ साली लिनक्स प्रणालीसाठी सुरू केलेली 'आरएचसीई' ही परीक्षाही हाताने करून दाखवायची होती. आजही ती तशीच आहे.

आपल्याकडची पाटी

भारतात गरज निराळी होती. १९८१ साली एनआयआयटी आणि १९८६ साली ॲप्टेक सुरू झाले. त्यांच्या पाठोपाठ गल्लोगल्ली वर्ग निघाले. माझा वरच्या मजल्यावरचा वर्ग त्यांतलाच एक. पाटी सारखीच, आत काय आहे ते मात्र आईवडिलांना कळण्याचा मार्ग नाही. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७०मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन अशा स्थितीचे विवेचन केले होते. मोटार चांगली की भंगार हे विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. मग घेणारा सगळ्याच मोटारींना कमी भाव देतो आणि चांगल्या मोटारी बाजारातून हटतात. मायकेल स्पेन्स यांनी १९७३मध्ये नोकरीच्या बाजाराबद्दल दुसरी बाजू दाखवली. पात्रतेच्या खुणेला अर्थ तेव्हाच येतो, जेव्हा अपात्र माणसाला ती मिळवणे फार महाग पडते. २००१ साली या दोघांना जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासह अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. माझ्या डिप्लोमाचे काय झाले ते या दोघांच्या सिद्धांतांतून मला समजले. जो कागद वर्गातील सर्वांना मिळतो, तो कोणाचेच काही सांगत नाही.

केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९९० साली यावर उपाय म्हणून 'डोएक' योजना काढली. ओ, ए, बी आणि सी अशा चार पायऱ्या. ओ म्हणजे पायाभूत, बी म्हणजे एमसीएच्या तोडीची. वर्ग खासगी असला तरी चालेल, पण अभ्यासक्रम आणि परीक्षा देशभर एकच. आमच्या इमारतीतील तळमजल्याचा नियम सरकारने वरच्या मजल्याला लावला असे म्हणा ना! २०११पासून ही संस्था 'नायलिट' या नावाने ओळखली जाते. मुंबईतही एक चांगला प्रयत्न झाला होता. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील एका केंद्रातून १९८५ साली एनसीएसटी ही स्वतंत्र संस्था उभी राहिली. ती देशभर सॉफ्टवेअरमधील क्षमतेची परीक्षा घेत असे, आणि त्या क्षेत्रातले लोक तिला मान देत. पुढे ती संस्था पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकमध्ये विलीन झाली.

इथे शिक्षकांच्या परिचयाच्या एमएस-सीआयटीबद्दल एक वाक्य लिहिले पाहिजे, कारण घोटाळा नेहमी होतो. २००१ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनचा हा अभ्यासक्रम संगणक-साक्षरतेचा आहे. शासकीय नोकरीत तो मागतात म्हणून तो करावाच. पण त्यावर संगणक-व्यवसायात प्रवेश मिळेल असे मुलांना वाटू देऊ नये.

कागद आणि हात

१९९०च्या दशकाच्या अखेरीस, २००० सालच्या तारखेच्या घोटाळ्यामुळे, संगणक जाणणाऱ्या माणसांची जगभर ओढ लागली आणि प्रमाणपत्रांचे पीक आले. बहुपर्यायी परीक्षांचे प्रश्न पाठ करून बाहेर येणारे लोक ते लिहून ठेवत आणि विकत. तयार उत्तरे घोकून पास झालेल्यांना अमेरिकेत 'कागदी एमसीएसई' असे नाव पडले. दोष एकट्या मुलांचा नव्हता. प्रश्न मोजके आणि फी भरपूर असली की घोकंपट्टी हा शहाणपणाचा मार्ग ठरतो, हे आपण शिक्षक मंडळी चांगले जाणतो. मालकांचा विश्वास उडाला. मग तंत्रज्ञान-कंपन्यांचा शेअर बाजार कोसळला, नोकऱ्या आटल्या आणि अनेक पाट्या उतरल्या.

त्याच सुमारास आणखी एक प्रश्न उघडा पडला. प्रमाणपत्र किती दिवस टिकते? विंडोज २००० आल्यावर मायक्रोसॉफ्टने जाहीर केले, की एनटीवरील एमसीएसई नव्या परीक्षा दिल्या नाहीत तर २००१च्या अखेरीस संपेल. ज्यांनी पदरचे पैसे खर्चून ते मिळवले होते त्यांनी ओरड केली आणि ऑक्टोबर २००१मध्ये कंपनीला माघार घ्यावी लागली. संगणक-दुरुस्तीच्या 'ए प्लस' या १९९३पासूनच्या प्रमाणपत्राबाबतही तेच घडले. ते आजन्म होते. २०१० साली कॉम्पटिया या संस्थेने ते जुन्या धारकांसकट सर्वांसाठी मुदतीचे करायचे ठरवले, विरोध झाला, आणि अखेर २०११पासून नव्याने उत्तीर्ण होणाऱ्यांनाच तीन वर्षांची मुदत लागू झाली. नॉव्हेलच्या इंजिनियरांना तर ओरडायलाही जागा उरली नाही. त्यांचे प्रमाणपत्र शाबूत होते, नेटवेअरच बाजारातून गेले. एमसीएसईचे नावही मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२१मध्ये कायमचे बंद केले. २०१३ साली ॲमेझॉनने क्लाउडची प्रमाणपत्रे सुरू केली आणि गर्दी तिकडे वळली.

आता बाईंच्या प्रश्नाकडे येतो. त्यांना मी सविस्तर पत्र लिहिले. कोणतेही एक नाव सांगितले नाही. वर्ग पाहायला जाल तेव्हा विचारा, असे लिहिले, की शिकवणारा आणि परीक्षा घेणारा एकच आहे का. परीक्षेत काही करून दाखवावे लागते की नुसते पर्याय निवडायचे. मुदत किती, आणि ती संपल्यावर पुन्हा किती पैसे. पदवीला जाणाऱ्या मुलाने पहिल्या वर्षी यात पैसे घालण्याची घाई करू नये. पदवीचा खर्च झेपत नसेल त्याला मात्र ओ लेव्हल किंवा सीसीएनएसारखी एक पक्की पायरी खरोखर उपयोगी पडू शकते. कोणतीही परीक्षा देण्याआधी लिनक्स फुकट मिळते, ते जुन्या यंत्रावर बसवून पाहता येते, हेही लिहिले. आणि सिस्कोच्या दुसऱ्या दिवसाची गोष्ट सांगितली.

जूनमध्ये त्यांचे उत्तर आले. शाळेच्या प्रयोगशाळेत मोडीत काढायचे म्हणून ठेवलेले तीन संगणक त्यांनी मुख्याध्यापकांकडून मागून घेतले होते. दर शनिवारी दुपारी मुलांच्या दोन तुकड्या बसतात. एक तुकडी जोडणी करते आणि बाहेर जाते. दुसरी त्यात एक बिघाड करून तो वहीत लिहून ठेवते. मग पहिलीने तो शोधायचा. पहिल्या शनिवारी पाऊण तास गेला, पण बिघाड सापडेना. शेवटी वहीत लिहिलेला बिघाड पाहिला, तर तो केव्हाच दुरुस्त झाला होता. यंत्र बंद होते ते वेगळ्याच कारणाने: फ्यूज खरोखरच उडाला होता, आणि तो कोणीच उडवला नव्हता.